निळ्या डब्यातलं परवाचं

सगळे त्याला पेंटर म्हणत. बायको समोर असली की "अहो" म्हणे, पण फोनवर कुणाला काही सांगताना तिच्याही तोंडी "आमचे पेंटर" असंच येई. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. अक्षर असं, की रस्त्यापलीकडून चष्मा न लावता वाचावं. एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना शेवटचं एक अक्षर बाकी होतं आणि शिडी सरकली. टाचेचं हाड मोडलं. उरलेलं अक्षर दुकानदाराने स्वतःच कसंबसं काढलं. ते इतकं वाकडं आलं, की पायापेक्षा मला तेच जास्त लागलं, असं पेंटर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा आणि समोरचा हसेपर्यंत थांबायचा.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टरांनी तीन महिने खाली उतरायचं नाही असं बजावलेलं. बायको इस्पितळाच्या धुलाई विभागात होती. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. ती सकाळी सातला बाहेर पडे ती संध्याकाळी पाचला परत. मधले दहा तास पेंटर, प्लास्टरमधला पाय आणि भिंतीवरचं घड्याळ.

पहिला आठवडा त्याने खिडकीत काढला. दुसऱ्या आठवड्यात तो स्वयंपाकघरात शिरला. कामावरचं उंच स्टूल होतंच. पाय ठेवायला रंगाचा रिकामा डबा उपडा घातला आणि ओट्याशी बसून भाजी चिरू लागला. गाजराचे तुकडे असे एकसारखे, की बायकोने एक उचलून उजेडात धरला. "मोजपट्टी लावली होती का?" तिने विचारलं. पहिल्यांदा डाळ केली तेव्हा ती एक घास घेऊन म्हणाली, "रंग छान आलाय." चवीबद्दल काही बोलली नाही. पेंटरने ती तारीफच समजली.

आठवड्याचा बेत बायकोच्या डोक्यात असायचा. कागदावर तिने तो कधी मांडला नव्हता. पेंटरला हे गबाळं वाटलं. त्याने पुठ्ठा घेतला, सात रकाने आखले, वारांची नावं लाल रंगात आणि भाज्यांची निळ्यात लिहिली, आणि तो तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवला. बायको घरी आल्यावर पर्ससुद्धा न ठेवता तो बघत उभी राहिली.

"सुंदर दिसतोय," ती म्हणाली. "पण बुधवारी कोबी कसा? टोमॅटो आजच मऊ पडलेत. बुधवारपर्यंत ते थांबतील का तुमच्यासाठी?"

"मग टोमॅटो मंगळवारी."

"मंगळवारी तर सोमवारची उरलेली डाळ असते. उरलेल्याला तुम्ही जागाच ठेवली नाही यात."

"उरूच द्यायचं नाही ना मग," पेंटर म्हणाला. ती हसली आणि कुकर लावायला गेली.

पेंटरला शिळं चालत नसे. लहानपणापासून. सकाळची भाजी संध्याकाळी पानात आली तर तो ताट सरकवायचा, आणि त्याची आई हे चारचौघांत असं सांगायची, जणू पोराला कसलं पदकच मिळालंय. "आमच्या धाकट्याचं नाक भारी तिखट." लग्न झाल्यावर ही गोष्ट आपोआप बायकोला कळली. सत्तावीस वर्षांत त्याच्या पानात कधी शिळं आलं नाही. आपल्या घरात ते नसतंच, अशी त्याची समजूत होती.

तर तो मंगळवार. वेदनाशामक गोळीमुळे त्याला सकाळी उशिरा आणि अर्धवटच जाग यायची. बायको दाराशी होती. एका पायात चप्पल, दुसरी पायानेच शोधत होती. खांद्यावर पर्स, हातात तिचा डबा.

"अहो, फ्रिजमध्ये निळ्या डब्यात परवाचं आहे हं. तेवढं बघा," ती म्हणाली, आणि दार ओढून गेली.

परवा या शब्दाला दोन तोंडं आहेत. एक मागे बघतं, एक पुढे. बोलणाऱ्याच्या मनात त्यातलं एक असतं. ऐकणाऱ्याच्या कानात दुसरं शिरलं, तर चूक दाखवायला तिसरं कुणी नसतं. रविवारी घरात कोंबडीचा रस्सा झाला होता, घेवड्याचे पांढरे दाणे घालून. पेंटरने निळा डबा उघडला. आत कोंबडीचा रस्साच होता, पांढरे दाणेही होते. वर तेलाचा पिवळट थर गोठला होता, उघड्या राहिलेल्या रंगाच्या डब्यावर साय धरते तसा. म्हणजे रविवारचं. म्हणजे शिळं. 'तेवढं बघा' म्हणजे त्याची वाट लावा, आणखी काय?

गुरुवारी त्याची मोठी बहीण आणि मेव्हणे जेवायला येणार होते, हे त्याला चांगलं माहीत होतं. पण त्याच्या डोक्यात तो गुरुवार होता. परवा नव्हता.

टाकून देणं त्याला जमलं नसतं. अन्न केरात गेलं की आई दिवसभर बोलत नसे. खायचं तर प्रश्नच नव्हता. तो डबा मांडीवर घेऊन बसला, आणि साडेअकराच्या सुमाराला जिन्यात झाडूचा आवाज आला.

जिना झाडायला येणाऱ्या मावशी त्या इमारतीत अकरा वर्षं होत्या. ठेंगण्या, काटक, कमरेला फडकं बांधलेल्या. पेंटर कामाला जायचा तेव्हा त्यांचा त्याचा संबंध "सांभाळून, ओलं आहे" एवढाच. पाय मोडल्यापासून रोज दोन शब्द होत. आणि त्या दिवशी डब्याकडे बघताना त्याच्या मनात एक वाक्य सहज, न अडखळता उमटलं: त्यांना चालेल.

त्याने दार उघडलं. "मावशी, घरी डबा नेणार का?"

"कसला हो?"

"रस्सा आहे. कोंबडीचा."

मावशींनी फडक्याला हात पुसले आणि डबा घेतला. "गार आहे."

"फ्रिजमध्ये होता ना. सकाळीच केलाय. आजचाच आहे."

"वहिनींनी?"

वहिनींचं नाव घेतलं असतं तर मावशी वहिनींशी त्याबद्दल बोलल्या असत्या. "नाही, मी," पेंटर म्हणाला.

"तुम्ही? एका पायावर?" मावशींनी त्याच्याकडे, मग डब्याकडे पाहिलं. "बरं. धुऊन आणते डबा."

त्या गेल्यावर पेंटरला फार बरं वाटलं. अन्न वाया गेलं नाही, फ्रिजही मोकळा झाला. त्याने डबा होता तो कप्पा ओल्या फडक्याने पुसून काढला. पुसताना तो शीळ घालत होता.

पाच वाजता बायको आली. हातपाय धुतले, पाणी प्यायली, फ्रिज उघडला.

"अहो, निळा डबा कुठाय?"

"दिला."

"दिला म्हणजे?"

"मावशींना. जिन्याच्या."

"सगळा?" फ्रिजचं दार उघडंच राहिलं. "अहो, परवासाठी केला होता तो! गुरुवारी वन्सं येणार, भावोजी येणार. गुरुवारच्या सुट्टीसाठी उद्या माझी डबल ड्यूटी, म्हणून पहाटे साडेचारला उठून करून ठेवला. दोन दिवस मुरला की खरा लागतो तो रस्सा. सांगून गेले ना मी तुम्हाला, परवाचं आहे, तेवढं बघा म्हणून?"

पेंटरच्या कानात सकाळपासून पाठमोरा उभा असलेला शब्द तेव्हा सावकाश वळला आणि त्याने आपलं दुसरं तोंड दाखवलं.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. मला रविवारचं वाटलं, एवढंच. बायको चिडली असती, दोन दिवस त्याची खिल्ली उडवली असती आणि विसरली असती. पण त्या वाक्याच्या मागे लगेच दुसरं वाक्य उभं होतं: आणि रविवारचं समजून मी ते मावशींना आजचं म्हणून दिलं. पहिलं बाहेर काढलं तर दुसरं त्याचं बोट धरून आलंच असतं. तो ओठ ओले करत राहिला.

तेवढ्यात बायको त्याच्या स्टुलावर बसली. थकलेल्या माणसाचा राग असा बसल्या बसल्या उतरतो. "सुनेसाठी दिलात ना?" तिने विचारलं. "ऑपरेशन झालंय पोटाचं तिच्या. अन्नच जात नाही म्हणतात, बघितलं तरी तोंड फिरवते. मला मागच्या आठवड्यात सांगताना रडायला लागल्या मावशी. तुम्हालाही बोलल्या असतील."

मावशींना सून आहे हेच पेंटरला माहीत नव्हतं.

"हं," तो म्हणाला.

त्याहून लहान खोटं भाषेत मिळालं नसतं.

"ओरडणार होते मी आता," बायको म्हणाली. "पण जाऊ द्या. चांगलं केलंत. मी उद्या आल्यावर अंडी-बटाट्याचं काहीतरी करते. वन्सं काय, गोड मानून घेतील." मग जाता जाता तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नाला सत्तावीस वर्षं झालेली बायको खांद्यावर हात उगाच ठेवत नाही. पेंटरला तो हात जड झाला.

बुधवारी ती आठ वाजता घरी आली. दोन पाळ्यांच्या चादरी घडी करून तिची बोटं सुजली होती. पेंटरने दुपारीच बटाटे आणि अंडी उकडून, सोलून ठेवली होती. कांदा चिरला होता. मसाला वाटला होता. त्याला वाटत होतं, निदान तिला उभं राहायला लागू नये. ती ओट्याशी आली, सगळं बघितलं आणि म्हणाली, "किती करता हो हल्ली!" पेंटरने मान खाली घालून कोथिंबीर निवडली. निवडलेलीच होती, ती परत निवडली.

गुरुवारी ताई आली. ताईचा आवाज ती येण्याच्या एक मजला आधी येतो. "काय रे, लंगड्या घोड्या!" दारातच तिने भावाच्या डोक्यावर टपली मारली. मेव्हणे मागून धापा टाकत आले आणि आल्या आल्या पंख्याखालची खुर्ची धरली. ते फारसं बोलणारे नव्हेत. ताईशी लग्न झाल्यावर त्यांना तशी गरज पडली नाही.

जेवायला बसल्यावर बायकोने सांगितलंच. "वन्सं, खरं तर तुमच्यासाठी रस्सा केला होता. पण यांनी तो जिन्याच्या मावशींना दिला, सगळाच्या सगळा. त्यांची सून आजारी आहे ना."

"कुणी? यानं?" ताईचा घास हातातच राहिला. "अगं, लहानपणी सकाळचं रात्री दिलं तर ताट ढकलायचा हा! आईनं लाडावून ठेवलेला. शिळं मी खायचे, ताजं हा खायचा. आणि आता बघा! दुसऱ्याच्या सुनेला पाहुण्यांचा डबा!" तिने डोळे पुसले. ताईला हसतानाही पाणी यायचं आणि रडतानाही, त्यामुळे हे कुठलं ते कळलं नाही. "पाय मोडला आणि माणूस सुधारला. दुसरा पण मोडू या का रे?"

"मीठ द्या जरा," पेंटर म्हणाला. मीठ त्याच्यासमोरच होतं.

बेल वाजली ती तेव्हाच. बायकोने दार उघडलं. बाहेर मावशी होत्या. हातात निळा डबा, घासून लखलखीत केलेला. झाकण उघडून त्यांनी आतली सहा पिवळीधमक लिंबं दाखवली.

"रिकामा कसा द्यायचा," त्या म्हणाल्या. "वहिनी, दहा दिवसांनी पोर पोटभर जेवली हो. डबा पुसून खाल्ला. म्हणते, ज्यांनी केलं त्यांनाच नीट विचारून या, कसं केलं ते. भाऊ आहेत ना?" त्यांनी आत डोकावून पाहिलं. "भाऊ, तुम्हीच केला होता ना? म्हणालात ना, सकाळीच केलाय म्हणून?"

बायको दारात पाठमोरी होती. पेंटरला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मान दिसत होती. ती मान जराशी वळली, आणि परत सरळ झाली.

"हा? रस्सा?" ताई खुर्चीतच उसळली. "अगं बाई, आता तर बघायलाच नको!"

"उद्या सांगतो मावशी," पेंटर म्हणाला. "नीट आठवून."

"आठवून?" मावशी हसल्या. "परवाच तर केलात की!"

ताईने त्यातली दोन लिंबं लगेच चिरायला लावली आणि सगळ्यांच्या पानांवर स्वतः पिळली. वास घरभर झाला. मेव्हणे पहिल्यांदाच बोलले. "लिंबू छान आहे," ते म्हणाले. बायको वाढत राहिली. पेंटरच्या पानात तिने भाजी घातली, भात घातला, काही कमी पडू दिलं नाही. एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही.

पाहुणे चार वाजता गेले. जिन्यातून ताईचा आवाज विरेपर्यंत बायको दाराशी उभी राहिली. मग आत येऊन तिने टेबल पुसायला घेतलं.

"तुम्ही केला होतात?" तिने विचारलं.

पेंटरने सांगितलं. सलग नाही सांगता आलं. आधी शब्दाचं सांगितलं, की परवाचं म्हणजे मला रविवारचं वाटलं. त्यावर तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. आणि मग त्याला पुढचं सांगावं लागलं, आणि ते हसू जाताना त्याने पाहिलं.

"म्हणजे शिळं समजून दिलंत."

"हो."

"आणि त्यांना आजचं म्हणून सांगितलंत."

"हो."

"सून आजारी आहे हे?"

"तुझ्याकडूनच कळलं."

तिने फडकं पिळून टांगलं. पेंटरला वाटलं, ओरडली तर बरं.

"आपल्या घरात कधी काही उरत नाही असं वाटतं तुम्हाला?" ती शेवटी म्हणाली. आवाज नेहमीचाच होता.

"रोज कुठे उरतं?"

"रोज उरतं. माझ्या डब्यात काय असतं, बघितलंय कधी?"

पेंटरने तो डबा सत्तावीस वर्षं रोज बघितला होता. बाहेरून. स्टीलचा, झाकणावर चेपलेला.

"कालचं असतं," ती म्हणाली. "कधी परवाचं. मला त्याचं काही नाही, मला आवडतं मुरलेलं. पण उरलेलं मी खाते. कुणाला आजचं म्हणून देत नाही. द्यायचं झालं तर सांगून देते, कालचं आहे, हवं तर घ्या. माणूस हो तरी म्हणतो, नाही तरी म्हणतो." तिने स्टूल जागेवर ढकललं. "आणि गुरुवारी तुम्ही तो रस्सा बोटं चाटून खाल्ला असता. दोन दिवसांचा."

फ्रिजवर त्याचा तक्ता होता. सात वार, दुपार आणि संध्याकाळ, चौदा सुबक चौकोन. त्यात तिच्या डब्यासाठी पंधरावा चौकोन काढायचा असतो हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. उभ्या आयुष्यात तो अक्षरांमधली जागा मोजत आला होता.

"मावशींना सांगू का?" त्याने विचारलं.

"ते मला विचारू नका," बायको म्हणाली. पण थोड्या वेळाने ती कागद घेऊन आली आणि त्याच्यासमोर टाकला. "रस्सा कसा करायचा ते लिहून घ्या. पोरीने विचारलंय."

शुक्रवारी दहा वाजल्यापासून तो दार उघडं टाकून उंबऱ्याशी स्टुलावर बसला होता. हातात कागद. घरात बसून माणसाला दिवसाचे सगळे आवाज पाठ होतात. खालच्या मजल्यावर बादली ठेवल्याचा आवाज आला, मग नळाचं पाणी, मग पावलं. आवाज एकेक पायरी वर येत होता आणि पेंटरच्या तळहाताला घाम येत होता. उंच शिडीवरही त्याला कधी घाम आला नव्हता. मावशींना काही कळणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. रस्सा ताजा होता, तोंडून गेलेला शब्द न् शब्द जवळजवळ खरा ठरला होता. सकाळीच केलेला. आजचाच. तो फक्त रस्सा कसा करायचा ते वाचून दाखवू शकला असता, आणि त्यांच्या घरात त्याचं नाव भला माणूस म्हणूनच राहिलं असतं. हेच त्याला सहन होईना.

"बसलात होय दारात?" मावशी वर आल्या. "आठवलं का?"

"मावशी, तो रस्सा मी केला नव्हता. हिने केला होता."

"असू दे की. बायकोचं ते आपलं म्हणायची पुरुषांना सवयच असते."

"तसं नाही. ऐका." त्याने कागदाची घडी घातली, उलगडली. "मला तो रविवारचा वाटला होता. शिळा. मला शिळं चालत नाही म्हणून तुम्हाला दिला. आणि आजचा म्हणून सांगितलं. तो ताजा निघाला ते चुकून. सुनेचं मला माहीतसुद्धा नव्हतं."

मावशींनी झाडू कठड्याला टेकवला. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते पेंटरला लगेच ओळखता आलं नाही. त्याने रागाची तयारी केली होती.

"म्हणजे माझं बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"भाऊ, आजचंच आहे असं जो सांगतो ना, त्याचं आजचं नसतं. ज्याचं खरंच आजचं असतं तो काही सांगत नाही, डबा हातात देतो आणि आत जातो. अकरा वर्षं घेतेय मी डबे. खाली वळणावर गेले की उघडून वास घेते. घरी आजारी माणूस आहे, घ्यावाच लागतो. तुम्ही आजचाच म्हणालात तेव्हाच मनात म्हटलं, झालं, यांचाही तसलाच. उघडला, तर ताजा." त्या थांबल्या. "मला इतकं कसंतरी झालं. म्हटलं, भला माणूस एका पायावर उभं राहून रांधतो आणि मी त्याच्या डब्यात नाक घालते. माझीच मला लाज वाटली. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. म्हणून तर लिंबं आणली. शेजारणीच्या झाडाची आहेत, मागून आणली."

गेल्या तीन दिवसांत पेंटरने आपली लाज सगळ्या बाजूंनी चाचपून पाहिली होती. ती आपल्याच घरात आहे, आपल्यापुरती आहे, असं त्याला वाटत होतं. ती डब्यातून खाली गेली होती, रस्ता ओलांडून कुणाच्या तरी घरी जाऊन बसली होती, आणि ज्या बाईचं काही चुकलं नव्हतं तिने ती दोन दिवस वाहिली होती.

"मावशी, चुकलं माझं," तो म्हणाला. शब्द फार लहान निघाले.

"लिंबं द्या मग परत," मावशी म्हणाल्या.

त्या हसतायत का, म्हणून त्याने पाहिलं. हसत नव्हत्या, रागावलेल्याही नव्हत्या. तो कुबडी घेऊन उठला, आत गेला, लिंबं घेऊन आला.

"सहा होती," तो म्हणाला. "दोन वापरली."

"असू दे." चारही लिंबं त्यांनी फडक्यात बांधली आणि गाठ नीट आवळली. "हं, सांगा आता. कांदा आधी का टोमॅटो? पोरीला मी यातलं काही सांगणार नाही. अन्न जायला लागलंय तिला, तेवढं पुरे."

"आत येऊन बसा ना."

"नको, पाय ओले आहेत."

मग त्याने वाचून दाखवलं. दाणे आदल्या दिवशी भिजत घालायचे. कांदा आधी, तो लाल होऊ द्यायचा नाही, मऊ होऊ द्यायचा. टोमॅटो त्यानंतर. मावशी प्रत्येक वाक्य तोंडातल्या तोंडात परत म्हणत होत्या आणि बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवत होत्या. तो वाचताना घाई करत नव्हता. आपल्याच हस्ताक्षरातले शब्द, पण त्यातला एकही आपला नाही, हे त्याला प्रत्येक ओळीला कळत होतं.

"मग झाकण ठेवून मंद आचेवर," तो म्हणाला. कागद संपला होता.

"किती वेळ?"

पेंटरने कागद उलटा केला. मागे कोरा होता. "माहीत नाही," तो म्हणाला. "हिला विचारून उद्या सांगतो."

"नको, राहू द्या." मावशींनी झाडू उचलला. "वहिनींनाच सांगा, येता-जाता हाक मारतील मला. त्यांना विचारते."

त्या वरच्या मजल्यावर गेल्या, आणि तिथून खाली यायला लागल्या, पायरी पायरी झाडत. पेंटर दारातच होता. त्याच्या उंबऱ्यापुढची फरशी त्यांनी झाडली, रोज झाडत तेवढीच, आणि पुढे गेल्या.